बाळ भुकेले आणण्याच्या अटीबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
जीभ-ओठ लेझर कक्ष,
टॅलोरा जिल्हा रुग्णालय, न्यू साउथ वेल्स.

विषय : कु. एडिथ मॅक्रोरी, वय अकरा आठवडे दोन दिवस, हिची तपासणी वेळ न ठरवता करण्याबाबत.

संदर्भ : आपली तीन पत्रे. तिन्हींत ‘बाळ भुकेले आणावे’ हे वाक्य ठळक अक्षरांत आहे.

महोदया,

१. मी एडिथची आई. एडिथच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे आणि वरचा ओठ हिरडीला जखडलेला आहे. तिला दूध ओढता येत नाही. आमच्या गावच्या परिचारिका श्रीमती पेल यांनी हे दुसऱ्याच आठवड्यात लिहून दिले. पत्र सोबत आहे. लेझरने पडदा मोकळा करण्याआधी बाळाला अंगावर पिताना पाहायचे, असा आपला नियम आहे. बारा आठवडे उलटले की हेच काम पूर्ण भूल देऊन होते आणि त्याची प्रतीक्षायादी चौदा महिन्यांची आहे. म्हणजे माझ्याकडे पाच दिवस आहेत.

२. पहिली भेट. आम्ही मेंढ्या पाळतो. घर आपल्यापासून तीनशे दहा किलोमीटरवर. दोनशेव्या किलोमीटरला एडिथ रडून लालबुंद झाली. मी पेट्रोल पंपाशी गाडी थांबवून तिला पन्नास मिनिटे पाजले. आपल्याकडे पोचलो तेव्हा ती झोपली होती. आपल्या परिचारिका म्हणाल्या, “अगं, किती गुणी आहे गं ही! हिला काय झालंय?” नोंद : शांत, तृप्त.

३. दुसरी भेट. वाटेत पाजले नाही. ती साडेतीन तास रडली आणि खुर्चीत बसल्यावर तोंडच लावेना. त्याच परिचारिका म्हणाल्या, “रडून दमलेलं बाळ काय कामाचं? भुकेलं आणायचं होतं ना?” नोंद : सहकार्य नाही.

४. (बाळ उठले. हा परिच्छेद राहिला.)

५. तिसरी भेट. आदल्या दिवशीच येऊन नवऱ्याच्या आत्याकडे, नोरीन यांच्याकडे, राहिलो. त्यांचे घर रुग्णालयापासून दोन गल्ल्यांवर. वेळ नऊची, म्हणून सहाला शेवटचे पाजले आणि माझा डोळा लागला. आठला आत्यांनी तिला बाटली दिली. “एवढासा जीव, त्याला उपाशी ठेवतेस? आणि तू घोरत होतीस, उठवू कशी?” आत्यांनी पाच मुले वाढवली आहेत. बाटलीतले दूध आपोआप गळते, ओढावे लागत नाही, हे मी आपल्या तज्ज्ञांना दोनदा सांगितले. नोंद : बाटलीने उत्तम पिते. आईस समुपदेशन सुचवावे.

समुपदेशन फोनवर झाले. पुरेशी झोप घ्या, असे सांगण्यात आले.

६. दहा दिवसांत एडिथचे वजन फक्त नव्वद ग्रॅम वाढले. कोकरे तोलायच्या काट्यावरचे वजन ग्राह्य धरता येत नाही, असे आपल्या कार्यालयाने कळवले. ते वाचून माझा नवरा डेल म्हणाला, “मेंढीला जरा काही झालं तर डॉक्टर फाटकापर्यंत येतो. पोरीला शेपूट लावू का?” यात आपला अवमान समजू नये. तोही झोपलेला नाही.

७. श्रीमती पेल यांनी पाहिलेले चालेल का, हे मी विचारले. चालत नाही. आपल्याकडून कोणी येईल का, हेही विचारले. तशी तरतूद नाही. तिसऱ्या भेटीत मी म्हटले, “इथंच थांबते, दोन तासांत तिला भूक लागेल.” उत्तर आले, “तुमची वीस मिनिटं संपली.”

८. एडिथ दिवसातून अकरा वेळा भुकेली होते. त्यांतली एकही वेळ आजवर आपल्या वेळापत्रकात बसलेली नाही. म्हणून सोमवारी सकाळी आठला, वेळ न घेता, मी तिला घेऊन आपल्या दारासमोरच्या बाकावर येऊन बसणार आहे. त्या दिवशी ती अकरा आठवडे सहा दिवसांची असेल. तिला भूक लागली की मी दार वाजवीन. ते कोणीतरी उघडावे, एवढीच विनंती.

आपली नम्र आणि जागी,
ब्रॉनविन मॅक्रोरी

गुरुवार, १४ ऑगस्ट
(अर्ज लिहायला सोमवारी घेतला होता.)