तीन आणि दोन प्रश्नचिन्हं

गुरुवार, संध्याकाळ

कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीतच बोलावं लागे. म्हणून फाटकाबाहेर पाऊल पडताच कुसुम आधी म्हणायची, "काय वं!" मग काटोलहून आणलेलं संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवायची.

कुसुमला जाऊन वर्ष होत आलं. शाळेच्या जुन्या मुलींची वेबसाइट मीच सांभाळते. नव्या सर्व्हरवर नेताना तिच्यातल्या सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं झाली. अक्षराला एक, कान्याला एक, मात्रेला, अनुस्वारालाही एक. आज युनिकोडची सेटिंग नीट केली, जुनी प्रत पुन्हा चढवली, आणि सगळ्यांचं मराठी परत आलं. मग निरोपांच्या पानावर अगदी खाली कुसुमच्या नावाने एक ओळ दिसली. तारीख आजची.

??? ??

तीन आणि दोन. काय वं! किती बरं वाटलं.

जुनीच ओळ खाली सरकली असेल का? तिच्या मुलीला, वैशालीला, फोन केला.

"आईचा फोन तर कपाटात बंद पडून आहे, मावशी. असं काहून विचारून राहिल्या?"

काही नाही गं, म्हटलं.

नंतर चहा घेताना सहज बोटांवर मोजलं. "आता ये" हेसुद्धा तीन आणि दोनच भरतं.

पुन्हा मोजलं. तेवढंच.

भीती नाही वाटत. पण लिहून ठेवलेलं बरं. सर्व्हरचा पासवर्ड वैशालीला द्यावा. मोत्यांच्या कुड्या माझ्या भाचीला. मांजर शेजारच्या दमयंतीबाईंकडे. मांजराला दूध कोमट लागतं.