‘वेट’ची उदाहरणं

सोमवार, ४ मार्च

डब्ल्यूचे शब्द माझ्याकडे आले. इंग्रजी-मराठी कोशाच्या संपादकांना आम्ही आपसांत कात्री म्हणतो, कारण आमच्या उदाहरणांतलं निम्मं ते कापतात. त्यांचा फोन — ‘वेट’ आधी करा, छोटा शब्द आहे, दोन दिवसांत उरकेल. नियम नेहमीचेच. उदाहरण रोजच्या बोलण्यातलं हवं. त्यात मरण नको, आजार नको, रडणारं मूल नको. शिकणाऱ्याचं लक्ष शब्दावरून उडतं.

रडणारं मूल माझ्या मांडीवर होतं. त्यांना ऐकू गेलंच असणार.

पहिला अर्थ: वाट पाहणे. टेबल खिडकीशी आहे, समोर बसथांबा. तिथे एक मुलगी उभी होती. लिहिलं — ती बसची वाट पाहते आहे.

बुधवार, ६ मार्च

दत्तक संस्थेच्या बाई येऊन गेल्या. पाळण्याचे कोपरे चाचपले, दुधाच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. पुन्हा एकदा समजावलं: जन्म देणाऱ्या आईला मन बदलायला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे, कार्यालय बंद होईपर्यंत. ती आली नाही तर मूल आमचं.

“आणि आली तर?” सासूबाईंनी विचारलं.

“तर तिचं,” बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

तोवर नाव ठेवायचं नाही, असं आमचं ठरलंय. म्हणजे माझं. ह्याने दोन-तीन नावं सुचवून पाहिली, मी लगेच दुसरा विषय काढला. नाव ठेवलं की ती आपली झाली, आणि ती अजून झालेली नाही. सासूबाई तिला पाहुणी म्हणतात. पाहुणीचं दूध झालं का? पाहुण्यांनी आज माझी साडी ओली केली! आता आम्ही सगळेच म्हणतो.

गुरुवार, ७ मार्च

इंग्रजी शब्दात रस्ता नाही. नुसतं थांबलं की भागतं. आपल्याला मात्र वाटेकडे बघत बसावं लागतं. कात्री म्हणाले, असलं काही कोशात नको. म्हणून इथे.

शनिवार, ९ मार्च

ती मुलगी बसमध्ये चढत नाही.

आज नीट पाहिलं. बस आली, माणसं उतरली, चढली, बस गेली, मुलगी तिथेच. दुसरी आली, ती दुसऱ्या मार्गाची. तीही गेली. मग तिने मान वर केली. आमची खिडकी तिसऱ्या मजल्यावर आहे, वाळत घातलेली दुपटी रस्त्यावरून दिसतात.

दुपटी आत घेतली. पडदा ओढला. उदाहरण खोडावं का, विचार करत बसले.

सोमवार, ११ मार्च

ह्याला सांगितलं. हा लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्याच इमारतीला लिफ्ट नाही, त्यावरून ओळखीतलं कुणी त्याची चेष्टा केल्याशिवाय राहत नाही. कामावरून आला, धापा टाकतच पडद्याच्या फटीतून बघितलं. “येणार असेल कुणीतरी तिला भेटायला,” म्हणाला. “तू रस्त्यावरच्या सगळ्यांना उदाहरणं समजायला लागलीस.”

हसलो दोघं. पण झोपायच्या आधी दाराची कडी त्याने दोनदा बघितली.

ताटकळणं आणि तिष्ठणं, दोन्ही शब्द द्यायचे आहेत. फरक काय करायचा? सासूबाईंना विचारलं. त्या पाहुणीच्या पायांना तेल लावत होत्या. म्हणाल्या, “ताटकळतं माणूस कुठेही. तिष्ठतं ते दुसऱ्याच्या दारात.”

लिहून घेतलं. लिहिताना खिडकीकडे बघितलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

दुसरा अर्थ: लांबणीवर पडणे. ‘हे काम उद्यापर्यंत थांबू शकतं.’ फोनवर वाचून दाखवलं, कात्रींनी एक अक्षर कापलं नाही.

बुधवार, १३ मार्च

आज पाहुणी हसली. झोपेत नव्हे — माझ्याकडे बघून. हा कामावर होता. सासूबाईंना हाक मारणार होते, मारली नाही. मला एकटीलाच हवं होतं ते.

मुलगी आजही होती.

गुरुवार, १४ मार्च

खाली गेले.

काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं: इथे उभं राहायचं नाही, पुन्हा दिसलीस तर संस्थेला कळवीन. जवळ गेले तर विशीचीसुद्धा नसेल. कपड्यांना स्टार्चचा वास. मनगटावर इस्त्रीचा चटका, जुना, तपकिरी झालेला. लाँड्रीत काम करते, जेवायच्या सुट्टीत येते. दवाखान्यात सासूबाईंच्या खांद्यावर पाहुणीला बघितलं आणि त्यांच्या मागून इथवर आली. हे सगळं मी न विचारताच तिने सांगितलं. मी कोण ते तिला विचारावं लागलं नाही.

“मी त्रास द्यायला येत नाही, ताई,” म्हणाली. “लांबून बघते. दुपटी दिसली की कळतं, बरी आहे.”

गेले काही दिवस दुपटी आतच आहेत.

मग म्हणाली, “आता बोलून उपयोग नाही, माहीत आहे मला. महिनाभरात सांग, संस्थेतल्या बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा राहायला जागा नव्हती. मावशी हो म्हणाली तोवर महिना उलटला होता.”

तिला चुकीचं कळलं होतं. मुदत दोन महिन्यांची आहे. उद्यापर्यंत. सही करताना रडत असेल, नीट ऐकलं नसेल. किंवा बाई भराभर बोलल्या असतील, त्या बोलतातच भराभर.

मी काहीही बोलायची गरज नव्हती! नुसतं गप्प राहायचं होतं. ती रोज आली असती, मी पडदा ओढला असता, मग कधीतरी यायची थांबली असती. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं.

बस आली. माणसं उतरेपर्यंत मी उभी राहिले. ती खिडकीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

“उद्यापर्यंत आहे,” मी म्हणाले.

तिला समजलं नाही. पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. मग तिने माझा हात धरला, सोडला आणि त्याच बसमध्ये चढली. संस्थेकडे ती बस जात नाही. तिला तेव्हा ते सुचलं नसणार. मलाही नाही.

संध्याकाळी ह्याला सांगितलं.

“सांगितलंस?”

“हो.”

तो उठला. पाळण्याचा एक नट किती दिवस ढिला होता. पक्कड आणून तो आवळत बसला. आवळून झाला तरी आवळत होता. सासूबाई आतल्या खोलीत गेल्या. पाहुणी तेवढी बडबडत होती.

शुक्रवार, १५ मार्च

हा कामावर गेला नाही. सकाळपासून तिघं एकाच खोलीत. पाहुणीला कुणी खाली ठेवू देईना.

दुपारी फोन वाजला. कात्री! ‘वेट’ अजून आला नाही, पुढचे शब्द खोळंबलेत. पाठवते म्हटलं. त्यांनी विचारलं, बाळ बरं आहे ना? इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बरं आहे म्हटलं. “सावकाश करा मग,” म्हणाले.

कार्यालय बंद व्हायची वेळ जवळ आली तसा हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसला. सासूबाई म्हणाल्या, नसेल मिळाली रजा लाँड्रीत. मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मीही तेच मनात म्हणत होते. काल खाली जाऊन सांगून आलेली मीच, आणि आज — रजा मिळू नये!

मग फोन. ह्याने घेतला. “हो” म्हणाला. पुन्हा “हो.” फोन ठेवून बराच वेळ रिसीव्हरवरच हात.

सासूबाईंनी दुपटी काढली आणि एकेक घडी घालायला बसल्या. कोणती बाटली तिला आवडते ते चिठ्ठीवर लिही, म्हणाल्या. मी पेन त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनीच लिहिलं.

शनिवार, १६ मार्च

नाव तिला पहिल्यापासून होतं.

मुलगी आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि त्या नावाने हाक मारली. पाहुणीने माझ्या खांद्यावरून मान वळवली.

चांगलं नाव आहे. इथे लिहीत नाही.