बर्फाच्या पेटीतली काडतुसं आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, ओर्फा जून टिंडल, कै. डेल्बर्ट टिंडल यांची विधवा, वय एक्क्याऐंशी, राहणार लेडव्हिल, कोलोरॅडो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शेडमध्ये बसून लिहिते आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे वाक्य सगळ्यांच्या मृत्युपत्रात असतं आणि ते कोणी वाचत नाही. माझ्या बाबतीत वाचावं लागेल. माझा मुलगा वेंडेल याने न्यायालयात अर्ज केला आहे की त्याच्या आईचं डोकं आता चालत नाही, सबब तिचं घर, तिची शेड आणि ती स्वतः, सगळं त्याच्या ताब्यात द्यावं. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. म्हणून हे आत्ता लिहिते.

वकील म्हणाला, "मिसेस टिंडल, स्पर्धेचं प्रकरण मृत्युपत्रात घालायची गरज नाही."

मी म्हटलं, "तुम्ही सह्या कुठे करायच्या तेवढं सांगा."

माझी शाळा आठवीत सुटली. भाषेत चुका असतील. आकड्यांत नाहीत.

कलम पहिले. घर, त्याखालची जमीन, चूल, छपरावरचा बर्फ आणि तो काढायचं फावडं माझी नात मार्नी हिला द्यावं. मार्नी ही माझी मुलगी कोरिन हिची मुलगी. कोरिन वारली तेव्हा मार्नी माझ्याकडे आली आणि मग गेलीच नाही. ती डोंगरावर स्कीवाल्यांना वर नेणारे तारेवरचे पाळणे दुरुस्त करते. हे घर विकत घ्यायला दोन माणसं येऊन गेली, चांगले बूट घालून. दोघांनाही वेंडेलने पाठवलं होतं. घर विकायचं की नाही ते मार्नीने ठरवावं. विकलं तर चांगले बूट घालणाऱ्याला विकू नये, एवढीच विनंती.

कलम दुसरे. शेडमधलं काडतुसं भरायचं यंत्र, तराजू, साचे, धुतलेल्या पुंगळ्यांचे डबे आणि खिडकीजवळचं उंच स्टूल, हेही मार्नीला. डेल्बर्ट पिस्तुलाच्या स्पर्धा खेळायचा आणि काडतुसं मी भरायचे. त्याला एका जागी बसवत नसे. लोक त्याला म्हणत, "काय रे, बायकोने भरलेली काडतुसं वापरतोस?" तो म्हणे, "बायकोने केलेला स्वयंपाकही खातो, अजून जिवंत आहे." तो गेल्यावर मी मार्नीसाठी भरते.

माझा हात थंडीत कापतो. कॉफीचा कप धरताना कापतो, सही करताना कापतो. यंत्राचा दांडा खाली ओढताना कापत नाही. का, ते डॉक्टरला विचारा. मी विचारलं होतं. तो म्हणाला, "असतं असं." त्याचं बिल मात्र आलं.

कलम तिसरे. आता ज्यासाठी हा कागद घेतला ते. न्यायाधीशसाहेब, तुम्ही पिस्तूल खेळत नसाल, म्हणून सोपं करून सांगते.

काडतूस मऊ भरलं तर पिस्तूल हातात कमी उसळतं आणि पुढचा नेम पटकन लागतो. ही लबाडी कोणी करू नये म्हणून नियम आहे. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, भागिले हजार. येणारा आकडा एकशेपंचवीसच्या खाली गेला की त्या खेळाडूचे सगळे गुण शून्य. तपासायला प्रत्येकाकडून आठ काडतुसं प्लास्टिकच्या पिशवीत घेतात, वर नाव लिहितात, आणि क्रोनो म्हणून वेग मोजायचं यंत्र असतं त्याच्यासमोर झाडून बघतात. काही जण एकशेपंचवीसच्या रेघेला चिकटून भरतात. मी चार अंक वर भरते, थंडीसाठी. कारण बारूद गार पडली की आळसते, गोळीला ढकलताना जोर कमी लावते. म्हणूनच आमच्याकडे दहिवर पडलेल्या सकाळी सगळे काडतुसं कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडतात. चार अंक लेडव्हिलच्या थंडीला पुरतात. बर्फाच्या पेटीला पुरत नाहीत. काडतुसं बिअरखाली दाबून ठेवणारा माणूस मी हिशेबात धरला नव्हता.

सप्टेंबरात आमच्या क्लबवर राज्याची स्पर्धा झाली. मार्नी पहिली होती. वेंडेल फिनिक्सहून आला होता आणि पिशव्या गोळा करून क्रोनोपर्यंत न्यायची गाडी त्याच्याकडे दिली होती. त्याच गाडीत त्याने बिअरची निळी बर्फाची पेटी ठेवली होती. दुपारी क्लबच्या अध्यक्षांनी भोंग्यावर सांगितलं, "मार्नी, एकशेतेवीस. गुण शून्य." सगळ्यांच्या देखत. मार्नीने पिस्तूल रिकामं करून दाखवलं, म्यानात ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

बोलला तो वेंडेल. बर्गरच्या रांगेत उभा राहून, मोठ्याने. "आई, तुझ्याकडून बारूद कमी पडली. होतं या वयात. आता ते यंत्र बंद कर."

"माझ्याकडून कमी पडत नाही."

"आकडा खोटं बोलतो का?"

"आकडा नाही बोलत. माणसं बोलतात."

"बघा," तो मागच्यांना म्हणाला, "हे असं रोजचं आहे." आणि लोक हसले. ज्यांच्या लग्नात मी केक नेले ते हसले.

तीन आठवड्यांनी रमोना केसाडा माझ्याकडे अंडी द्यायला आली. तिने स्पर्धेत बरिटोंची टपरी लावली होती. बोलता बोलता म्हणाली, "तुझा वेंडेल गमतीशीर आहे गं. मी त्याला गार बिअरचा कॅन मागितला, तर त्याने पेटीतून हात घालून काडतुसांची पिशवीच बाहेर काढली. मी म्हटलं, मला हे प्यायचं नाहीये."

"कोणाची पिशवी?"

"मार्नीची. वर नाव होतं. खालून फाटली होती म्हणून पेटीत टाकली म्हणे, सांडू नये म्हणून. सकाळपासून तिथेच होती. का गं? तू अशी का बघतेस?"

मी वेंडेलला फोन लावला.

तो म्हणाला, "असेल ठेवली. मग? बर्फ काय बारूद खातो का, आई?"

"तू ठेवलीस हे क्लबला सांग."

"आता सगळं मिटलंय. कशाला उकरायचं?"

आठवड्याने न्यायालयाचा लखोटा आला. मिटलं ते त्याच्यापुरतं.

त्या अर्जात त्याने काय लिहिलं आहे ते इथे उतरवते, माझ्या नातवंडांच्या मुलांनाही कळावं म्हणून: "लेडव्हिलसारख्या दहा हजार फूट उंचीवर हवा विरळ असल्याने गोळीचा वेग वाढतो. तरीही वेग कमी भरला. यावरून अर्जदाराच्या आईने बारूद मोजण्यात गंभीर चूक केल्याचे दिसते." वाचून मला इतका राग आला की मी भांडी दोनदा घासली.

विरळ हवा गोळीला मदत करते ती नळीच्या बाहेर आल्यावर, आणि तीही लांब जायचं असेल तर. क्रोनो नळीपासून चार पावलांवर असतो. चार पावलांत हवा गोळीला काय देणार? नळीच्या आत सगळं काम बारुदीचं, आणि बारुदीला डोंगर किती उंच आहे ते कळत नाही, आपण गरम आहोत की गार एवढंच कळतं. हे वेंडेलला पक्कं माहीत आहे. एका वर्षी तो फिनिक्सच्या उन्हाळ्यात, अंगणात अंडं तळून निघेल अशा उकाड्यात रेघेला चिकटून काडतुसं भरून इथे ऑक्टोबरात खेळायला आला होता. सगळी फुसकी निघाली, गुण शून्य. चारचौघांत रडवेला झाला होता. मी त्याला सूप करून घातलं. त्याचं डोकं चालत नाही असा अर्ज मी केला नाही.

कलम चौथे. पुरावा. त्याच खेपेची काडतुसं माझ्याकडे शिल्लक होती. क्लबातला आमचा जुना मित्र होलिस ग्रब तिथला क्रोनो घेऊन शेडमागे आला. वेंडेलची निळी पेटी तो माझ्याच ओसरीवर विसरून गेला आहे, तीच आम्ही बर्फाने भरली. निम्मी काडतुसं पेटीत, निम्मी होलिसच्या कोटाच्या खिशात. सकाळपासून दुपारपर्यंत.

होलिस म्हणाला, "ओर्फा, ही माझ्या काखेशी इतकी गरम झालीत की उबवून पिल्लं निघतील."

"बडबडू नकोस. झाड."

खिशातली: एकशेएकोणतीस. पेटीतली: एकशेतेवीस. होलिसने आकडा दोनदा बघितला आणि टोपी काढली. मी म्हटलं टोपी घाल, सर्दी होईल. हे आकडे, तारीख आणि होलिसची सही या कागदाला जोडली आहे. क्लबलाही पाठवले. अध्यक्षांचं उत्तर आलं की निकाल बदलता येत नाही. ठीक आहे.

कलम पाचवे. क्लबच्या आवारात डेल्बर्टच्या नावाचं लाकडी बाकडं आहे. ते आम्ही दिलं होतं. ते स्क्रू काढून परत आणावं आणि मार्नीच्या दारात ठेवावं. अध्यक्षांना बसायचं असेल तर त्यांनी तिथे येऊन तिची परवानगी मागावी.

कलम सहावे. लहान गोष्टी. जुनी पिकअप होलिसला, तिचा हीटर चालत नाही हे त्याला माहीत आहे. बिडाचा तवा रमोनाला, साबणाने घासायचा नाही या अटीवर. मांजर ज्याला पाहिजे त्याच्याकडे स्वतःच जाईल.

कलम सातवे. वेंडेल. माझा मुलगा आहे, म्हणून त्याला काहीच नाही असं लिहिणार नाही. निळी बर्फाची पेटी त्याला द्यावी, विनाअट.

त्याला खरं पाहिजे आहे ते त्याच्या बापाचं पिस्तूल. ते त्याला लहानपणापासून पाहिजे आहे आणि डेल्बर्टने ते त्याला देईन असं म्हटलं होतं. मी मेलेल्या माणसाचा शब्द मोडत नाही. पण अट माझी. त्या खेपेतली सोळा काडतुसं होलिसकडे सीलबंद ठेवली आहेत. पुढच्या राज्य स्पर्धेच्या दिवशी, सगळे जमलेले असताना, वेंडेलने निम्मी स्वतःच्या खिशात ठेवावी, निम्मी त्या पेटीत बिअरखाली. मग क्रोनोसमोर स्वतः झाडावी आणि दोन्ही आकडे भोंग्यावर स्वतःच्या तोंडाने सांगावे. पुढे एवढंच म्हणावं: "पिशवी मी ठेवली होती." माझी माफी मागू नये, मी ऐकायला नसेन. मार्नीकडे बघून म्हणावं.

म्हटलं तर पिस्तूल त्याचं, आणि त्याबद्दल घरात परत कोणी काही बोलायचं नाही. नाही म्हटलं, किंवा पुटपुटला, तर पिस्तूल मार्नीचं. पुटपुटला की नाही ते रमोना ठरवेल. तिचे कान चांगले आहेत.

कलम आठवे. या सगळ्याची अंमलबजावणी होलिस ग्रब याने करावी. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. ज्यात मी वेंडेलला "माझा शहाणा मुलगा" असं लिहिलं होतं ते तर आधी रद्द.

हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही. लोक सांगत होते ते ऐकलं असतं तर मी आत्ता एखाद्या गरम खोलीत बसून भिंत बघत असते.

ओर्फा जून टिंडल

साक्षीदार: होलिस ग्रब. माझ्यासमोर लिहिलं आणि सही केली. आकडे मी मोजले आहेत, बरोबर आहेत.

साक्षीदार: रमोना केसाडा. पिशवी पेटीतून निघताना मी पाहिली, न्यायालयात सांगेन. ओर्फा म्हणते इथे तापमानही लिही, ते महत्त्वाचं असतं. तर लिहिते: स्टोव्ह विझला आहे आणि बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला आहे. आमच्या दोघांच्या सह्या कापऱ्या आल्या आहेत, तिची सरळ आली आहे.

लेडव्हिल, लेक काउंटी, कोलोरॅडो. बावीस नोव्हेंबर.