केशरी झाडावरचा पक्षी

येरमाळा
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अयोध्या हिस दादाचे अ. उ. आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही असालच. फोन करणार होतो, पण तुमच्या अणदूरच्या टॉवरला काय झालंय कळत नाही. बोलणारा विहिरीत बसल्यासारखा वाटतो. शिवाय ही गोष्ट तुझ्या मालकांच्या कानावर न जाता तुला सांगायची आहे. म्हणून पत्र.

बालाजीराव दाजींनी माझा टेप दुरुस्त करून पाठवला. चार वर्षं बंद होता, त्यांच्या हातानं सुरू झाला, उपकार आहेत. गिटारच्या सातही कॅसेटी त्यांनी साफ केल्या, पेन ड्राइव्हमध्ये भरल्या. रविवारी ड्युटी नव्हती, म्हणून सकाळीच ‘लाल होडी’ लावली. वरचं इंग्रजी आपल्याला कधी लागलं नाही, कव्हरवरच्या चित्रावरून आपणच नावं ठेवली. सोलापूरच्या फुटपाथवर मी ती भजनाची समजून घेतली होती. होडी म्हणजे भवसागर, असं वाटलं. गाणारा कधी सुरू होतो म्हणून अख्खी बाजू वाट बघितली. तू तेव्हा दहावीत. म्हणाली होतीस, दादा, गाणारा घरीच राहिलाय.

पण त्या दिवसापासून त्या एकट्या लाकडी गिटारीनं मला धरलं. ढोलकी नाही, गाणं नाही. माणूस तारा छेडतो आणि मधेच त्याची बोटं तारेवरून खर्रकन सरकतात. ते सरकणं मला सुराइतकंच प्यारं. रविवारी ते आलंच नाही. बारीक तारही बोथट. अयोध्या, ही आपली कॅसेट नाही. कुणीतरी नक्कल करून अस्सल ठेवून घेतली आहे. असल्या जुन्या कॅसेटींना शहरात गिऱ्हाईक असतं, असं आमचे कंडक्टर रामलिंग सांगतात. मी कुणाचं नाव घेत नाही. तू दुरुस्तीच्या दुकानात हळूच बघ.

माया आहेच, पण डोळे उघडे ठेव.

तुझा दादा,
शांतलिंग


अणदूर
१५ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस अयोध्याचा शि. सा. न.

तुमचं पत्र वाचताना तव्यावरची भाकरी करपली. आधी हसू आलं, मग राग. आणि खरं सांगते, मग शंकाही आली. हे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला एका शेतावर गेले होते. तेवढ्यात मी दुकानातलं कपाट उचकलं, टेबलाखालची दोन्ही खोकी उलटी केली. तांब्याची तार, जळके पंखे आणि मागच्या दिवाळीचा चिवडा सापडला. नवऱ्याच्या मागे असं शोधताना चोर मीच वाटले. हे परत आले तेव्हा माझे काळे हात बघून त्यांनी विचारलं, आणि मी सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत, याचंच मला वाईट वाटलं. म्हणाले, कॅसेट दाबून धरणारा आतला फोमचा तुकडा झडला होता, तो बदलला. स्क्रू गंजले होते, नवे लावले. फितीला हात लावला नाही. दादांना सांग, गिटारीतलं मला आजही कळत न्हाय, चोरून करू काय?

ते तर खरंच. माझ्या पाठवणीला सगळे सनई लावा म्हणत होते आणि तुम्ही जीपमध्ये ‘टोपीवाला’ लावलीत. येडशी गेली तरी तेच चाललं होतं. तेव्हा ह्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, घरात कुणी वारलंय का? लग्न झाल्यावर ह्यांचं मला पहिलं वाक्य तेच.

सातही कॅसेटींवर मी तेव्हा खुणेला लावलेला नेलपॉलिशचा ठिपका आहे का बघा. वहिनींना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, संशय तेवढा कमी व्हावा.

तुमची,
अयोध्या


येरमाळा
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अयोध्या हिस आशीर्वाद.

ठिपके आहेत. पण ठिपका डबीवर असतो, फीत आत असते. डबी आमची, फीत दुसऱ्याची. नवे स्क्रू कशासाठी लागतात, हे तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला शिकवू नये.

मी सगळ्या कॅसेटी नीट तपासल्या. ‘केशरी झाड’ आठवते ना? हैदराबादच्या मुक्कामात सुलतान बाजारातून आणलेली. तिच्या दुसऱ्या बाजूला, गिटार हळू होते तिथं, मागे एक पक्षी ओरडतो. वाजवणाऱ्यानं खिडकी उघडी ठेवली असणार, असं आपण म्हणायचो. आईच्या शेवटच्या आजारपणात ती हीच बाजू लावायला सांगायची, आणि पक्षी आला की बोट वर करायची. तो पक्षी गेला. चार वेळा लावली. पेन ड्राइव्ह रामलिंगांच्या मोबाइलवर लावून ऐकला, त्यातही नाही. म्हणजे भरायच्या आधीच फीत बदलली. तुझ्या मालकांना गिटार कळत नाही हे मान्य. तिची किंमत कळत असेल.

दुरुस्तीवाल्यानं एखादा स्क्रू चोरला असता तर मी बोललो नसतो. आईचा पक्षी चोरला, म्हणून बोलतो. चैत्रात येडाईच्या जत्रेला, देवीसाठी रानातले चुन्याचे खडे वेचायला तू नेहमीसारखी ये. बालाजीरावांनी या घराची पायरी चढू नये. अस्सल कॅसेटी परत येईपर्यंत हे असंच राहील.

जिथं विश्वास नाही तिथं लोभ कसा मागू?

शांतलिंग


येरमाळा
४ मार्च

वन्सं अयोध्याताईंना तारामतीचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या दादांना माहीत नाही, वाचून चुलीत घाला. आधी मलाही वाटलं, दाजींनी काहीतरी केलं. म्हणून हे ड्युटीवर गेल्यावर मी स्वतः ‘केशरी झाड’ लावली. पक्षी आहे, ताई. चांगला ओरडतोय. बोटं सरकतात तेही सगळं आहे.

मग मला एकेक आठवायला लागलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मी त्यांच्याकडून वर्षापूर्वीच काढून घेतलं, कारण डाळीचं पिठलं व्हायचं. टीव्हीचा आवाज तर शेजारच्या हरणाबाईंच्या घरात बातम्या ऐकू येतात इतका. मागच्या महिन्यात तेरखेड्याजवळ मागून जीपवाला हॉर्न वाजवून दमला. रामलिंगभाऊंनी पुढं येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा ह्यांनी गाडी बाजूला घेतली. घरी येऊन म्हणाले, हल्ली जीपवाले हॉर्नच देत न्हाईत.

ताई, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. कानाचं बाहेर आलं तर स्टेअरिंग त्याच दिवशी जाईल, आणि स्टेअरिंग गेलेले हे मला घरात बघवणार नाहीत. म्हणून पदर पसरते. एवढे चौदा महिने दाजींनी बोल सोसावा. मग मीच अणदूरला येऊन त्यांच्या पाया पडते आणि सगळं सांगते. तुम्ही लई समजूतदार आहात.

तुमची वहिनी,
तारामती


अणदूर
११ मार्च २०२५

ती. दादांस अयोध्याचा शि. सा. न.

हे पत्र लिहायला सहा दिवस लागले. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, चोर तर चोर. जन्मभर म्हणू दे, माझं काय जातंय? त्यांचं जात नसेल. पण मला रोज दुपारी तुमची गाडी दिसते. मी त्या गाडीत नाही, तरी दिसते. मागे पन्नास माणसं, कडेवर लेकरं, आणि पुढे तुम्ही.

दादा, मी तुमच्याकडे एकच मागते. ‘केशरी झाड’ची दुसरी बाजू लावा. वहिनींना आणि हरणाबाईंच्या नातीला, शिवांजलीला, समोर बसवा. पक्षी ओरडला की दोघींनी बोट वर करायचं, आई करायची तसं. तुम्ही फक्त बघा.

एकही बोट वर आलं नाही, तर ह्यांना मी स्वतः तुमच्या दारात उभं करीन. आलं, तर पुढचं मी सांगणार नाही. तुम्ही माझ्याहून मोठे आहात. वहिनींवर रागावू नका, एवढंच.

तुम्ही तोडलंत तरी मी तुमचीच,
अयोध्या


येरमाळा
२६ मार्च २०२५

श्री. बालाजीराव दाजी यांना शांतलिंगचा रामराम.

हे पत्र अयोध्येला नाही, तुम्हाला आहे.

तिनं सांगितलं तसं केलं. पण सरळ मनानं केलं नाही, तेही सांगतो. दोघींचं आधीच ठरलं असेल, असं मला वाटलं. म्हणून त्यांना एकमेकींकडे पाठ करून बसवलं, आणि मधे दोरीवर भिंतीसारखी चादर टाकली. बाजू संपेपर्यंत अकरा वेळा बोटं वर झाली. अकराही वेळा दोघींची एकदम. माझ्या कानात नुसती गिटार होती, तीही लांबची. शेवटी शिवांजली म्हणाली, आजोबा, तुम्ही का न्हाय करत बोट वर? तारामती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन निघालो. येडशीपर्यंत आरशात बघत राहिलो. मागे कोण हॉर्न देतोय हे कानानं कळत नव्हतं, म्हणून सारखा आरसा. तेवढ्यात समोर एक म्हैस आडवी आली. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी डेपोत गाडी लावली आणि साहेबांना स्वतःहून सांगितलं. त्यांनी दवाखान्यात पाठवलं. कागद आला आहे. स्टेअरिंग गेलं. साहेब म्हणाले, निवृत्तीपर्यंत चौकशीच्या खिडकीवर बसा. मी म्हणालो, साहेब, तिथं तर नुसतं ऐकायचंच काम. तेव्हा ते हसले, मग मीही हसलो. आता टायर विभागात आहे. टायर बोलत नाहीत.

तारामतीनं नंतर सगळं सांगितलं, तिला वाटलं होतं, मी खचेन. दोन दिवस जेवलो नाही, हे खरं. पण त्यात स्टेअरिंगपेक्षा तुमचा विचार जास्त होता. माझे कान गेले हे मानण्यापेक्षा तुम्ही चोर आहात हे मानणं मला सोपं गेलं. अयोध्येला नवऱ्याची कपाटं उचकायला मी लावली. आणि तुम्ही ते सोसायला तयार होतात.

याची माफी कागदावर मागितली तर ती तुम्हाला वाचता येईल, पण तुम्ही काय म्हणालात ते मला कळणार नाही. म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं अणदूरला येतो. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या बाकावर बसून. जत्रेला तुम्हा दोघांना न्यायचं, ते निमंत्रणही समोरच देईन. तोवर मनात काही ठेवायचं असेल तर ठेवा, तुमचा हक्क आहे.

मात्र माफ केलं, तर जरा मोठ्यानं सांगा.

आपला,
शांतलिंग