तिसऱ्याला वेळ लागत नाही म्हणे

॥ भगवती माता प्रसन्न ॥

श्रीरामपूर, दवाखान्याचा व्हरांडा
मंगळवार, दुपार

तीर्थरूप बनुअक्का हिस,

धाकट्या पुष्पाचा पायांवर डोकं टेकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, डाव्या डोळ्याचं पाणी थांबलं का, आणि दाजींनी तंबाखू सोडली की नुसती डबी लपवली, हे सगळं सविस्तर कळव. तुमच्या बेलापुरात सगळे खुशाल असतील अशी देवीजवळ प्रार्थना. इकडे खुशाली आहे की नाही ते अजून ठरायचं आहे, म्हणूनच पत्र लिहायला बसले. (कागदाकडे बघू नकोस. लसीकरणाचं पत्रक आहे, इथे टेबलावर फुकट ठेवलेलं असतं. मागची बाजू चांगली कोरी आहे, ती वाया कशाला घालवायची?) फोन का नाही केला असं विचारशील. तुमच्याकडचा फोन तुझ्या गोरक्षनाथाच्या हातात, आणि त्याला स्पीकरवर घातल्याशिवाय ऐकूच येत नाही. म्हणजे माझ्या लेकीच्या कळा अख्ख्या गल्लीने ऐकायच्या. शिवाय इथे शेजारी जावई बसलेत. लिहिलेलं बरं. सहादेव रिक्षावाला गेटाबाहेर थांबलाय, परतीची सिटं भरली की निघेल, तो तुझ्या हातात देईल.

तर ज्ञानाला सकाळपासून कळा सुरू आहेत. तिसरं बाळंतपण. तिसरं कशाला, असं तू विचारू नकोस. मीही विचारलं नाही, विहीणबाईंनीही विचारलं नाही, आणि आता विचारून उपयोग तरी काय. तिसरं खरं तर कोल्हारलाच, सासरी व्हायचं, पण विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मीच म्हटलं, पाठवा आमच्याकडे देवळालीला. मोनिका आणि पार्थ तिकडे आजीजवळ, आणि त्यांना सांभाळायला आमचे हेही तिकडेच. (सांभाळतात कसले! पार्थ यांना सांभाळत असेल.)

आता माझ्या जिवाला घोर कशाचा, ते सांगते. मोनिकाच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा धारा काढायची वेळ होती, आणि पोर झाली दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. पार्थच्या वेळी सकाळच्या भाकरी थापताना पोटात दुखलं आणि दुपारची पानं वाढायच्या आत गडी हजर, तोही कसा, तर दवाखान्याच्या पायरीवरून आत नेईपर्यंत डोकं दिसत होतं. मी मॅट्रिकला गणितात पास झालेली बाई आहे. घरी बसून त्रैराशिक मांडलं. पहिल्याला एवढा वेळ, दुसऱ्याला त्याच्या पावच, तर तिसऱ्याला किती? उत्तर आलं, चहाला उकळी फुटेपर्यंत! देवळालीपासून श्रीरामपूर काही चहाच्या उकळीत येत नाही. आणि सीझन चालू, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून मुंगीसारखे चाललेले. म्हणजे नात किंवा नातू कुठल्या तरी ट्रॉलीच्या मागे रिक्षात होणार, हे मी धरूनच चालले होते.

तुला हसू येईल, पण मी स्वतः तिसरी आहे, हे विसरू नकोस. तुझ्या वेळी आई दोन दिवस अडली होती, रामदादाच्या वेळी एक सकाळ, आणि माझ्या वेळी? पाटावर धुणं धुवायला गेली आणि मला परकरात गुंडाळून घरी आली! सुईणीला बोलवायला तूच पळाली होतीस ना? सुईण आली तेव्हा आई धुण्याचा पिळा दोरीवर टाकत होती, असं तूच सांगतेस. (आजवर कितीदा सांगितलंस, दर वेळी पिळा मोठा होतो.) ही गोष्ट लहानपणी ऐकून मला गंमत वाटायची. लेकीला तिसरा महिना लागल्यापासून झोप उडालीय.

म्हणून मी तयारीत राहिले. त्यात दोनदा घोटाळा झाला, तोही तुझ्या कानावर आलाच असेल, कारण आपल्याकडची बातमी रिक्षाच्या आधी बेलापूरला पोचते. पहिल्यांदा, मागच्या आठवड्यात, ज्ञाना न्हाणीतून "आई गं!" म्हणून ओरडली. मी तिला अर्धी ओली, गाऊनवर माझी शाल टाकून, सहादेवच्या रिक्षात कोंबली. ती वाटेत सारखी "आई, ऐक तरी" म्हणत होती, पण कळांमध्ये बायका काहीही बोलतात म्हणून मी लक्ष दिलं नाही. तुमच्या बेलापूरच्या चौकात ट्रॅक्टर आडवा. मी खाली उतरले, ड्रायव्हरला म्हटलं, "बाबा, पोरीचा जीव अडकलाय, वाट दे." तो म्हणतो, "मावशे, माझा बी टायर अडकलाय." शेवटी लोकांनी ट्रॉली ढकलली, आम्ही दवाखान्यात पोचलो, दया सिस्टरने तपासलं. पायाचा अंगठा सुजला होता. न्हाणीत तांब्या पडला होता त्याच्यावर.

दुसऱ्यांदा मात्र माझी चूक नव्हती. शेजारी हळदीकुंकवाला गेलो होतो आणि ज्ञानाने असा काही उसासा टाकला की बायकांनीही माझ्याकडे बघितलं. पुन्हा रिक्षा, पुन्हा दवाखाना. उसासा कशाचा होता म्हणशील, तर वाण म्हणून प्लॅस्टिकची चाळणी मिळाली याचा. दया सिस्टर (बाई मनाने फार चांगली, गळ्यात क्रूस, तोंडावर सदा हसू, पण जीभ आपल्यापेक्षा तिखट) मलाच धरून म्हणाली, "आजी, खाट तुमच्यासाठी टाकू का तिच्यासाठी? दोघींत जास्त घाम तुम्हालाच आलाय."

आणि आज सकाळी खरंच सुरू झालं. ज्ञाना स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकली आणि शांतपणे म्हणाली, "आई, आज खरंच जायचंय, पण धावू नको." मी धावले नाही. घर बंद करायला जरा वेळ लागला, एवढंच. (फार नाही. ज्ञाना दोनदा हाक मारून गेली.) रस्ताही मोकळा मिळाला, ट्रॅक्टर एकही नाही. पोचलो, तिला आत घेतलं, मी हुश्श केलं, म्हटलं आता चहाला उकळी फुटायचा अवकाश.

अक्का, त्यानंतर इथे लोकांचे तीनदा चहा झाले. (मी घेतला नाही, इथला चहा म्हणजे गरम पाणी, आणि घरी पूड आहे.) पार्थला लागला त्याच्या दुप्पट वेळ होऊन गेला, तरी काही नाही! कळा येतात, जातात. म्हणजे तिसऱ्याला वेळ लागत नाही म्हणणारे कुठे गेले? मी दया सिस्टरला गाठून त्रैराशिक समजावलं. ती म्हणाली, "आजी, पहिलं लेकरू वाट पाडतं, म्हणून त्याला वेळ. दुसऱ्याला वाट मळलेली असते, ते लवकर येतं. पण तिसऱ्यानं पळतच यावं असं कुठंय? काही पळत येतात, काही रमतगमत. हे तर वर तोंड करून बसलंय, वळायला वेळ घेतंय. ठोके चांगले आहेत, पोरगी चांगली आहे. तुम्ही तेवढ्या बसा." बसा काय, बसवतंय का? मी डॉक्टरीणबाईंना पण विचारलं, शिझर तर नाही ना करावं लागणार? त्या म्हणाल्या, अजून तसं काही नाही. अक्का, त्या "अजून" शब्दानंतर मी देवालाच गाठलं. हरिपाठ दोनदा म्हणून झाला, दोन्ही वेळा मधलेच अभंग सुटले. एवढा वेळ लागला मोनिकाला, पण तेव्हा पहिलटकरीण होती, लागणारच, म्हणून मनाची समजूत होती. आता कोणाच्या नावाने समजूत घालू? ती आतून हाक मारते ते ऐकू येतं आणि मी इथे बाकावर. तिचा हात जन्मल्यापासून माझ्या हातात, आणि आज मधे दार.

अमृतराव शेजारीच आहेत. विज्ञानाचे मास्तर, त्यामुळे धीराचे. सकाळपासून एकच वर्तमानपत्र वाचताहेत, पान उलटलेलं मी पाहिलं नाही.

बाकी ठीक. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. देवीला सांग.

तुझी,
पुष्पा

ता. क. अमृतराव चहा आणायला गेलेत तेवढ्यात खरं लिहिते, म्हणजे ज्यासाठी पत्र लिहिलं ते. तुला आमच्या सासूबाईंचा रिवाज माहीत आहेच, बाळंतीण अडली की घरातली कुलपं, गाठी, झाकणं सगळं मोकळं करायचं. मोनिकाच्या वेळी आमच्या सासूबाईंनी पेट्या, कपाटं, पिठाचे डबे, बाजरीच्या पोत्याची सुतळीसुद्धा सोडली होती. (मांजर दूध प्यालं, कोंबड्यांनी बाजरी खाल्ली, पण पोर झाली.) पार्थच्या वेळी मी तसंच केलं आणि तो पायरीवरच आला. म्हणून या वेळी मी उलटं केलं. वाटेत होऊ नये म्हणून सगळं बंद केलं. कपाट, ट्रंक, देवघराचं दार, सगळ्यांना कुलूप. पोत्यांना दुहेरी गाठी. दळणाच्या पिशवीला, सुताच्या गुंडीला, बादलीच्या दोरीला, दिसेल तिथे गाठ. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलं. सकाळी वेळ लागला तो यातच गेला. आता ते पोर बिचारं तिथे आत बसून म्हणत असेल, आजीने दार लावलं, जाऊ कुठून? पत्रासोबत किल्ल्यांचा जुडगा रुमालात घालून देते आहे. (रुमालालाही गाठ मारू नको म्हटलं सहादेवला, नुसता गुंडाळ.) तू याच रिक्षाने तशीच देवळालीला जा आणि सगळं मोकळं कर. फक्त हरभऱ्याच्या डब्याचं झाकण नुसतं सैल कर, काढू नको, मुंग्या येतात. आणि अमृतरावांना यातलं कधी कळू देऊ नको. मास्तर माणूस, अंधश्रद्धेवर शाळेत भाषण देतात.

ता. क. मावशी, मी ज्ञाना. सिस्टरने चालत राहा म्हणून सांगितलंय, तर व्हरांड्यात येरझारा घालतेय. आई खाली गणपतीच्या फोटोपुढे गेली आणि कागद बाकावरच राहिला. वाचला. हसू नको म्हटलं तरी हसले, त्यात एक कळ निघून गेली. मावशी, कुलपं उघडच, पण माझ्यासाठी नव्हे. सकाळपासून मी विचारतेय, बीपीची गोळी घेतलीस का, तर ती म्हणते, घरी राहिली. राहिली कुठे ते आता कळलं, लोखंडी कपाटात, कुलपात. गोळी घे आणि तशीच इकडे ये. माझ्याजवळ सिस्टर आहे, आईजवळ कोणी नाही. दाराच्या काचेतून ती सारखी डोकावते, तिचं तोंड बघितलं की मलाच तिला सांगावं लागतं, आई, श्वास घे. कळ आली. ठेवते.

ता. क. अक्का, पुष्पाच लिहितेय. अक्षराला हसू नकोस, घाईत खरडतेय. झाली! मुलगी झाली! दोघी सुखरूप, फाडायला लागलं नाही. बाळ वळलं म्हणे आणि मग एकदम आलं; दया सिस्टर म्हणाली, शेवटी धावलंच बघा. रडण्याचा आवाज दाराबाहेर आला तेव्हा मी बाकावर बसूनच हात जोडले. रिक्षाची सिटं अजून भरलेली नाहीत, म्हणजे घरची कुलपं जशीच्या तशी, सगळ्या गाठी जागच्या जागी, आणि पोर आली! आता किल्ल्यांची घाई नाही, पण गोळी मात्र घेऊन ये, डोकं गरगरतंय. येताना तूप आणि डिंकही काढ, ट्रंकेत आहे.

कुलपांचा काही संबंध नव्हता असं मी मनाशी धरत होते, एवढ्यात सिस्टरने बाळ बघायला बोलावलं आणि अमृतराव उठले ते धडपडले, बाकाला धरलं म्हणून वाचले. बघते तर दोन्ही बुटांच्या नाड्या सुटलेल्या. नुसत्या सुटलेल्या नाहीत, नीट ओढून, भोकांतून काढून मोकळ्या केलेल्या. बाह्यांची बटणं उघडी. त्यांच्या जेवणाच्या डब्याचं झाकण बाकाखाली निराळं ठेवलेलं. मी नाड्यांकडे बघितलं तर म्हणाले, "पाय सुजलेत जरा, आई." मी म्हटलं, "व्हय, बसून बसून सुजतात." खिशातल्या पेनाचं टोपणही काढलेलं होतं, शाईने सदरा भरला होता. त्याचं काही विचारलं नाही. जावई आहेत.