टॅबिथाची खूण

बर्स्लेम, ४ मार्च १७८५

प्रिय ईनॉक,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला चहा पोचला. आईचा खोकला कमी आहे. मालकांच्या लंडनच्या दुकानात तू कसा मिरवतोस, हे ती दिवसभर शेजारणींना सांगत असते. जेवायला मांडावीत तशी टेबलं, दर चार दिवसांनी बदलणारी चिनी मातीची ताटं, आणि त्यांवर मी रंगवलेल्या गुलाबाला तू दिलेलं नाव, 'डचेसचा गुलाब'. कुठली रे डचेस? तिने तो कधी पाहिला तरी का?

इथे कारखान्यात आता तो गुलाब तांब्याच्या पत्र्यावर कोरला आहे. कागदावर छाप घ्यायचा, ताटावर दाबायचा, झालं. मला एका ताटाला अर्धा दिवस लागायचा. तेवढ्यात साठ निघतात. आम्हा रंगवणाऱ्या सात जणींपैकी सहा घरी बसल्या. केझायासुद्धा, जिने मला कुंचला धरायला शिकवलं.

हेही गिळलं असतं. पण तू मालकांना लिहिलंस, की बड्या घरच्या बायका ताट उलटं करून रंगवणारीची खूण शोधतात, आणि ती दिसली की दुप्पट किंमत मोजतात. झालं, माझे दोन ठिपके आणि मधली रेघही पत्र्यावर चढली. मी हातही न लावलेल्या, छाप फिसकटलेल्या ताटांखाली आता माझी खूण. लिहिताना लाज कशी वाटली नाही तुला?

रविवारी चर्चबाहेर केझाया म्हणाली, "हात फार चालतो गं तुझा हल्ली. सहा जणींचं काम एकटी उरकतेस." मी शाल ओढून चालू लागले.

थांबून खरं सांगणार कशी? खूण पत्र्यावर चढवण्याआधी मालकांनी मला विचारलं होतं. छापातल्या तुटक्या रेघा जोडायचं काम तुझ्याकडे राहील म्हणाले, आणि मी मान डोलावली. तुला शिव्या घालायला बसले खरी, पण त्यातल्या निम्म्या माझ्याच वाट्याच्या आहेत.

काल जाऊन सांगितलं, माझी खूण काढा, नाहीतर मी चालले. मालकांनी मान वर केली नाही. म्हणाले, "जा की. पत्रा इथेच आहे."

मी निघून आले. पण ईनॉक, त्या पत्र्यापायी मी मेले तरी तुझ्या दुकानासाठी रोज नवी ताटं रंगवत राहणार. तेव्हा एवढं तरी कर. कुणी ताट उलटं करून विचारलं, ही कोण, तर खरं सांग. जीभ रेटत नसेल, तर या घराकडे फिरकू नकोस. आईला काय सांगायचं ते मी बघेन.

तुझं उत्तर येईपर्यंत तरी तुझी बहीण,
टॅबिथा