उजवं फूल

मंगळवार, जानेवारी १९९६, बेंगळूर

धाकट्या बहिणीने, सुमनने, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा यंदा द्यावी की पुढच्या वर्षी? काविळीने कॉलेज बुडालं. डॉक्टर म्हणतात, ताण नको. ती म्हणते, "अण्णा, वर्षभर थांबले तर मामा माझं लग्नच लावतील." खोटं नाही.

शेवटी सकाळी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवून कौल मागितला. उजवं पडलं तर यंदा, डावं पडलं तर पुढच्या वर्षी. दुपारपर्यंत एकही हललं नाही. सुमन हसून म्हणाली, "अण्णा, स्वल्प पंखा लावू का?" मी रागावलो.

संध्याकाळी दिवा लावायला गेलो, तर उजवं फूल खाली. मी आधी पंखा पाहिला. बंद होता. "सरी, ठरलं, यंदाच!" म्हणत ती पाया पडली. तिचे हात कढत लागले. गच्चीवर उन्हात वाचत होती म्हणून? पण ऊन तर केव्हाच उतरलं होतं. पुन्हा ताप तर नाही ना?

एकच प्रश्न देवीला दोनदा विचारायचा नाही, असं गावी वडील सांगत. आतून सुमनच्या पाठांतराचा आवाज येतो आहे, मधूनमधून थांबतो आहे. फूल अजून तिथेच पडलंय. उचललं, की कौल मानला. माझा हात पुढे होत नाही.